बंडाचे सोंग : लिव्ह गोल्फ आणि फुटीर लीगांचा इतिहास

१/
सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे मराठीत म्हणतात. २०२२ साली व्यावसायिक गोल्फमध्ये याच्या नेमके उलटे घडले. पैसा खरा होता आणि अमाप होता; सोंग होते ते बंडाचे. सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने उभी केलेली ‘लिव्ह गोल्फ’ ही लीग खेळाडूंच्या स्वातंत्र्याची भाषा बोलत अवतरली. तो दावा इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतो आणि त्यावरून या लीगचे भवितव्य काय दिसते, हा या धाग्याचा विषय.

२/
आधी वस्तुस्थिती. ‘लिव्ह’ ही रोमन अंकांतील ५४ ही संख्या. परंपरेने गोल्फची मोठी स्पर्धा चार दिवस, ७२ होलची असते. दोन दिवसांनंतर मागे पडलेले जवळपास निम्मे खेळाडू ‘कट’ होऊन रिकाम्या हाती घरी जातात. लिव्हने तीन दिवस आणि ५४ होल ठेवले, कट काढून टाकला, सर्वांनी एकाच वेळी वेगवेगळ्या होलपासून खेळ सुरू करण्याची पद्धत आणली आणि चार-चार खेळाडूंचे संघ केले. शेवटच्या क्रमांकावरील खेळाडूलाही पैसे निश्चित. एका स्पर्धेची बक्षिसे अडीच कोटी डॉलरची.

३/
पहिली स्पर्धा ९ ते ११ जून २०२२ या दिवसांत लंडननजीकच्या सेंच्युरियन क्लबवर झाली. दक्षिण आफ्रिकेचा चार्ल श्वार्टझेल ती जिंकला आणि वैयक्तिक व सांघिक मिळून साडेसत्तेचाळीस लाख डॉलर घेऊन गेला. याच श्वार्टझेलने २०११ मध्ये गोल्फमधील सर्वोच्च मानाच्या स्पर्धांपैकी एक, मास्टर्स, जिंकली होती. तेव्हा त्याला १४ लाख ४० हजार डॉलर मिळाले होते. सेंच्युरियनवर खेळ सुरू झाला त्याच दिवशी अमेरिकेच्या पीजीए टूरने तेथे गेलेल्या आपल्या १७ आजी-माजी सदस्यांवर बंदी जाहीर केली.

४/
तेव्हापासून दोन कथा ऐकवल्या जातात. एक म्हणते, मक्तेदारीच्या जोखडातून खेळाडू मुक्त झाले. दुसरी म्हणते, लोभी खेळाडूंनी पवित्र परंपरा विकली. दोन्ही कथा इतिहासाचे ज्ञान नसलेल्यांसाठी रचलेल्या आहेत. क्रीडाविश्वात फूट ही नवी गोष्ट नाही. आजच्या कित्येक प्रस्थापित संस्था कालच्या फुटीर आहेत. म्हणून ‘फूट योग्य की अयोग्य’ हा प्रश्नच फोल ठरतो. विचारायचे ते असे : फूट कोणाच्या गरजेतून पडली, आणि तिचा खर्च कोण भागवतो?

५/
पहिले उदाहरण १८९५ चे. उत्तर इंग्लंडच्या रग्बी क्लबांत गिरणी आणि खाणकामगार खेळत. शनिवारी सामना म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. ती भरून द्यावी, एवढीच मागणी होती. हौशी खेळाच्या नावाखाली लंडनच्या सुखवस्तू धुरीणांनी ती धुडकावली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात वीसहून अधिक क्लबांनी वेगळी चूल मांडली. तीच आजची रग्बी लीग. सव्वाशेहून अधिक वर्षे ती टिकली, कारण अन्याय खरा होता आणि तिकीट काढून येणारा प्रेक्षक त्याच वस्त्यांतला होता.

६/
गोल्फचा इतिहासही सेवकांनी माणूस म्हणून ओळख मिळवण्याचा आहे. व्यावसायिक गोल्फपटू म्हणजे क्लबच्या पदरी असलेला नोकर, अशी दीर्घकाळ समजूत होती. सभासदांच्या मुख्य इमारतीत त्याला प्रवेश नसे. १९२० च्या अमेरिकी खुल्या स्पर्धेत ओहायोतील इन्व्हरनेस क्लबने ते दार उघडले. कृतज्ञ खेळाडूंनी वर्गणी काढून क्लबला एक उंच घड्याळ भेट दिले. आजही ते तेथे जपलेले आहे. या खेळात ‘खेळाडूंचा हक्क’ हा शब्द उच्चारताना त्यामागचा हा इतिहास विसरता येत नाही.

७/
आता ज्या पीजीए टूरने २०२२ मध्ये निष्ठेचे पाठ दिले, तिचा जन्म पाहावा. १९६८ पर्यंत अमेरिकेतील स्पर्धा ‘पीजीए ऑफ अमेरिका’ ही संघटना चालवी. तिचे बहुसंख्य सदस्य क्लबांत शिकवणी घेणारे आणि दुकान सांभाळणारे व्यावसायिक होते. दूरचित्रवाणीमुळे स्पर्धांत पैसा आला, तेव्हा स्पर्धा खेळणाऱ्यांनी विचारले, कमावणार आम्ही आणि कारभार मात्र इतरांच्या हाती का? १९६८ च्या उन्हाळ्यात ते बाहेर पडले आणि त्यांनी स्वतंत्र संघटना काढली. जॅक निकलॉस या बंडाच्या अग्रभागी होता.

८/
डिसेंबर १९६८ मध्ये तडजोड झाली. संघटनेच्या छत्राखाली, पण स्वतःचा कारभार स्वतः पाहणारा खेळाडूंचा स्वतंत्र विभाग निर्माण झाला. जोसेफ डे त्याचे पहिले आयुक्त झाले आणि १९७५ मध्ये त्या विभागाने ‘पीजीए टूर’ हे नाव धारण केले. म्हणजे परंपरेची ही रखवालदार स्वतःच एका फुटीचे अपत्य आहे. तिचे बंड हे न्याय्य हक्क, आणि दुसऱ्याचे बंड म्हणजे विश्वासघात : आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे.

९/
शिवाय ‘पवित्र परंपरा’ हा शब्दही जपून वापरलेला बरा. ज्या संघटनेच्या उदरातून टूर जन्माला आली, तिच्या घटनेत केवळ गोऱ्यांनाच सदस्यत्व देणारे कलम होते. ते रद्द झाले नोव्हेंबर १९६१ मध्ये. चार्ली सिफर्डसारख्या कृष्णवर्णीय गोल्फपटूची उमेदीची वर्षे त्या कलमाने गिळली. नैतिकतेच्या व्यासपीठावरून बोलणाऱ्याच्या पायाखालची फळी किती कुजकी आहे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने ठोकून पाहिलेच पाहिजे.

१०/
लिव्हचे समर्थक मात्र हमखास एक नाव घेतात : केरी पॅकर. त्या तुलनेची नीट तपासणी व्हायला हवी. १९७६ मध्ये या ऑस्ट्रेलियन वाहिनीमालकाने क्रिकेटच्या प्रक्षेपण हक्कांसाठी तीन वर्षांचे १५ लाख डॉलर देऊ केले. मंडळाने हक्क सरकारी वाहिनीला २ लाख १० हजारांत देऊन टाकले. मैदाने भरत होती आणि ती भरवणाऱ्या खेळाडूंच्या हाती तुटपुंजा मोबदला पडत होता. १९७७ मध्ये पॅकरने जगातील अव्वल क्रिकेटपटू गुपचूप करारबद्ध केले आणि ‘वर्ल्ड सिरीज क्रिकेट’ उभे राहिले.

११/
मंडळांनी बंदीचे शस्त्र उगारले. नोव्हेंबर १९७७ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्लेड यांनी ते बोथट केले. माणसाच्या उपजीविकेवर अशी बंधने लादता येत नाहीत, हा त्या निकालाचा गाभा होता. तरीही पहिल्या हंगामात पॅकरची मैदाने ओस पडली. न्यायालयात जिंकता येते, पण प्रेक्षक न्यायालयाच्या हुकुमाने येत नाही. त्याला खेचून आणण्यासाठी पॅकरला प्रकाशझोतातील सामने, पांढरा चेंडू आणि रंगीत पोशाख असे नवे काही द्यावे लागले. २८ नोव्हेंबर १९७८ रोजी सिडनीत ४४ हजारांहून अधिक लोक लोटले.

१२/
यावर आक्षेप येईल : पॅकरही धनाढ्यच होता, तोही स्वार्थासाठीच उतरला होता, मग सौदी निधीला वेगळा न्याय का? आक्षेप रास्त आहे आणि उत्तर त्यातच दडलेले आहे. पॅकरचा स्वार्थ क्रिकेटमधून पैसा मिळवण्याचा होता. त्यासाठी लोकांनी सामने पाहणे अपरिहार्य होते. तोटा त्याला झोंबत होता. म्हणूनच त्याला खेळ सुधारावा लागला आणि १९७९ मध्ये प्रक्षेपण हक्क हाती येताच त्याने लीग मिटवली. तोट्याची भीती ही कोणत्याही नव्या लीगची शिक्षिका असते.

१३/
महाराष्ट्रातील क्रीडाप्रेमींना याचा देशी अवतार ठाऊक आहे. २००७ मध्ये झी समूहाच्या सुभाष चंद्रांनी ‘इंडियन क्रिकेट लीग’ काढली. कपिल देव तिचा चेहरा होता. मुंबईत मुख्यालय असलेल्या क्रिकेट नियामक मंडळाने तिला मान्यता नाकारली, खेळाडूंवर बंदी आणली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात स्वतःची आयपीएल जाहीर केली. आयसीएल २००९ मध्ये विझली. बंडखोरांना माफी मिळाली. शहरांच्या नावांचे संघ आणि देशी-विदेशी खेळाडूंची सरमिसळ करून रंगणारे वीस षटकांचे सामने मात्र राहिले. बंडखोर हरला, पण त्याची कल्पना प्रस्थापिताच्या घरात सून म्हणून नांदली.

१४/
गोल्फमध्येही हे आधी घडले होते आणि नायक तोच होता. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियाचा ग्रेग नॉर्मन, तेव्हाचा अग्रगण्य खेळाडू, याने रूपर्ट मरडॉक यांच्या फॉक्सच्या पाठबळावर निवडक अव्वल गोल्फपटूंची जागतिक मालिका जाहीर केली. नॉर्मनच्याच यजमानपदाखालील स्पर्धेत झालेल्या खेळाडूंच्या बैठकीत आर्नोल्ड पामर यांनी तिला उघड विरोध केला आणि योजना कोसळली. १९९९ मध्ये टूरच्या सहभागाने ‘वर्ल्ड गोल्फ चॅम्पियनशिप’ मालिका सुरू झाली. कल्पना बरीचशी तीच. लिव्हचा पहिला मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून नॉर्मन पुन्हा अवतरला, तो हा २७ वर्षांचा सल घेऊन.

१५/
आता कसोटी लिव्हला लावू. गोल्फपटूंच्या तक्रारी पूर्णतः खोट्या नव्हत्या. टूर त्यांना स्वतंत्र व्यावसायिक म्हणे, पण अन्यत्र खेळायला परवानगी घ्यायला लावी. प्रक्षेपणाच्या हक्कांवर ताबा टूरचा होता. परंतु १८९५ चा खाणकामगार आणि २०२२ चा लक्षाधीश यांच्या तक्रारी एका तराजूत तोलता येत नाहीत. कट चुकल्याने उपाशी राहणारा होतकरू खेळाडू लिव्हला नको होता. तिला हवा होता तो आधीच कोट्यधीश झालेला नामवंत.

१६/
या बंडाचा आद्य सेनानी फिल मिकेलसन याने आपल्या चरित्रकारापाशी जे कबूल केले, ते फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. सौदी राजवटीचा मानवी हक्कांबाबतचा इतिहास, पत्रकाराची हत्या, समलिंगी व्यक्तींना होणारी शिक्षा, हे सारे त्याला माहीत होते. तरी टूरला वाकवण्याची ही संधी दवडू नये, असा त्याचा हिशेब होता. पॅकरच्या क्रिकेटपटूंनी पैसा घेतला तो उघडपणे उपजीविकेसाठी. येथे उपजीविकेचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्याच्या रक्ताचा डाग माहीत असूनही केलेला हा सौदा होता.

१७/
तो पत्रकार म्हणजे जमाल खाशोगी. २ ऑक्टोबर २०१८ रोजी इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात लग्नासाठी लागणारी कागदपत्रे आणायला तो गेला आणि तेथेच त्याची हत्या झाली. या कारवाईला युवराज मोहम्मद बिन सलमान यांची मंजुरी होती, असा निष्कर्ष अमेरिकी गुप्तचरांनी काढला. तो अहवाल २०२१ मध्ये खुला झाला. युवराजांनी तो आरोप नाकारला आहे. लिव्हला पैसा पुरवणाऱ्या निधीचे अध्यक्ष तेच आहेत. खेळाच्या आडून प्रतिमा धुण्याचा आरोप मान्य करायलाही त्यांना संकोच नाही : देशाचे उत्पन्न एक टक्क्याने वाढत असेल तर आपण ते करत राहू, असे त्यांनी २०२३ मध्ये मुलाखतीत सांगितले.

१८/
म्हणूनच लिव्हला तोट्याची भीती नाही, आणि हेच तिचे मूळ दुखणे आहे. अमेरिकेबाहेरील कारभार पाहणाऱ्या तिच्या ब्रिटनमधील कंपनीचा तोटा २०२३ मध्ये सुमारे ३९ कोटी डॉलर होता आणि २०२४ मध्ये सुमारे ४६ कोटी. वर्षागणिक तोटा फुगतो आहे आणि कोणाची झोप उडत नाही. ज्या लीगचा खरा ग्राहक प्रेक्षक नसून राजवाडा आहे, तिला प्रेक्षकाकडून काही शिकण्याची निकडच उरत नाही. याला बंड म्हणत नाहीत. याला खरेदी म्हणतात.

१९/
मात्र खरेदीला विक्रेताही लागतो. जून २०२२ मध्ये टूरचे आयुक्त जे मोनाहन यांनी ९/११ च्या हल्ल्यातील मृतांच्या कुटुंबीयांची आठवण काढली आणि टूरचा सदस्य असल्याबद्दल कोणाला कधी माफी मागावी लागली आहे काय, असा सवाल केला. ६ जून २०२३ रोजी हेच मोनाहन सौदी निधीचे प्रमुख यासिर अल-रुमय्यान यांच्या शेजारी बसून समझोता जाहीर करत होते. टूरशी निष्ठा राखून कोट्यवधी नाकारणाऱ्या खेळाडूंनाही याची पूर्वकल्पना नव्हती. मृतांच्या नातलगांचे दुःख वर्षभरापुरती ढाल म्हणून वापरले गेले. गरज सरो, वैद्य मरो.

२०/
अंतिम करार ठरलेल्या मुदतीत, २०२३ अखेर, झाला नाही. त्याच डिसेंबरात जॉन राहमला लिव्हने पळवले. जानेवारी २०२४ अखेर टूरने अमेरिकी गुंतवणूकदारांकडून १५० कोटी डॉलर उभे केले आणि खेळाडूंना कंपनीत भागीदारी दिली. निवडक स्पर्धांची बक्षिसे २ कोटी डॉलरवर गेली होतीच. मिकेलसनचा हिशेब एका अर्थी खरा ठरला : टूर वाकली. पण वाकली ती शिखरावरच्या मोजक्यांपुढे.

२१/
पायथ्याशी काय झाले? पूर्वी वर्षअखेरच्या क्रमवारीत पहिले १२५ खेळाडू पुढील वर्षाचा पूर्ण परवाना राखत. २०२६ पासून टूरने ही संख्या १०० वर आणली. अनेक स्पर्धांतील जागाही घटवल्या. शंभरच्या पलीकडचा हा गोल्फपटू कोणत्याही कथेत नाही. त्याला कोणी वीस कोटी डॉलर देऊ केले नव्हते, कोणी त्याच्या निष्ठेची परीक्षाही घेतली नव्हती. दोन तिजोऱ्यांच्या लढाईत भरडला गेला तो हा.

२२/
भारताचेही एक उदाहरण आहे. अनिर्बान लाहिरी मार्च २०२२ मध्ये ‘प्लेयर्स’ या टूरच्या मानाच्या स्पर्धेत एका फटक्याने हुकून दुसरा आला. ऑगस्टअखेर तो लिव्हमध्ये गेला. तेथे त्याच्या संघाने २०२३ चे सांघिक विजेतेपदही मिळवले. परंतु लिव्हच्या स्पर्धांना जागतिक क्रमवारीचे गुण नव्हते, आणि ऑलिंपिकची पात्रता त्याच क्रमवारीवर ठरते. रिओ आणि टोकियोत देशासाठी खेळलेला लाहिरी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नव्हता. पैशाची किंमत कधी कधी पैशात मोजता येत नाही.

२३/
क्रमवारी मंडळाने ऑक्टोबर २०२३ मध्ये लिव्हचा अर्ज फेटाळला. तीन फेऱ्या किंवा कट नसणे यावर गणिती तोडगा निघू शकत होता. अडचण होती ती बंद दाराची : नव्या खेळाडूला गुणवत्तेवर आत येण्याची आणि अपयशी खेळाडूला बाहेर जाण्याची वाट फार अरुंद होती. डिसेंबर २०२३ च्या पात्रता स्पर्धेतून मोठी लीग खेळण्याची जागा फक्त तीन खेळाडूंना मिळाली. मुक्तीचा झेंडा घेऊन आलेल्या लीगचे प्रवेशद्वार एवढेच.

२४/
आता भवितव्य. २०२६ च्या हंगामापासून लिव्हने स्पर्धा चार दिवसांच्या, ७२ होलच्या केल्या. नाव चौपन्न, खेळ बहात्तर! मग क्रमवारीचे गुण मिळाले, तेही पहिल्या दहा जणांपुरते. जानेवारी २०२६ मध्ये ब्रुक्स केप्का टूरवर परतला. ५० लाख डॉलरचे दान आणि पाच वर्षे भागीदारीवर पाणी, अशा अटींवर. जे वेगळेपण मिरवत बंड पुकारले, ते एकेक करून उतरवावे लागणे, हे सामर्थ्याचे लक्षण नव्हे.

२५/
फुटीर लीगांसमोर इतिहासाने बहुधा तीनच वाटा ठेवल्या आहेत. रग्बी लीगसारखे स्वतःच्या समाजात रुजणे. अमेरिकन फुटबॉल लीगने १९७० मध्ये केले तसे प्रस्थापितात विलीन होणे. किंवा आयसीएलसारखे कल्पना मागे ठेवून विझणे. लिव्हला समाज नाही, म्हणून पहिली वाट बंद. दुसरी रियाध आणि टूरचे गुंतवणूकदार काय ठरवतात यावर अवलंबून. तिसरीची सावली मात्र आताच दिसते : मोठी बक्षिसे आणि कटविना खेळल्या जाणाऱ्या मोजक्यांच्या स्पर्धा टूरने आत्मसात केल्याच आहेत.

२६/
म्हणून लिव्हचे आयुष्य किती, याचे उत्तर गोल्फच्या मैदानावर सापडणार नाही. राजवाड्याची मर्जी असेतोवर ती चालेल. २०३४ च्या फुटबॉल विश्वचषकासारखे दुसरे खेळणे अधिक झळाळू लागले की ती मर्जी ओसरेल. १८९५ च्या कामगारांनी बुडालेल्या मजुरीसाठी लीग उभारली आणि ती त्यांच्या नातवंडांना लाभली. लिव्हच्या मागे असे वारसदार कोण, हा प्रश्न जो विचारील, त्याला बंड आणि बंडाचे सोंग यांतला भेद ओळखायला वेळ लागणार नाही.

(समाप्त)

#इतिहास #गोल्फ #लिव्हगोल्फ #क्रीडाइतिहास